सतरंज्या, गंज आणि शनिवारचा वर्ग

पवनार, २७ ऑक्टोबर २०२४

काजलच्या बाबाले अन्नपूर्णाचा जय भीम.

तुमी माझा नंबर ब्लॉक केला, म्हणून कागद घेतला. पुण्याचा पत्ता काजलनं नागपूरच्या होस्टेलवरून पाठवला. तिच्यावर रागावू नका, मी मागितला म्हणून तिनं दिला. हे पत्र फाडलं तरी चालन. मी दुसरं लिहीन.

पहिली गोष्ट ही की मी वर्गात नाव घातलं. दसऱ्याले तुमी घरी आले होते, परत जाताना बसस्टॉपवर मी तुमाले सांगतलं, अन् तुमी चार लोकाईसमोर म्हणाले, "नववी नापास बाई कंप्युटर शिकून काय कलेक्टर होते?" सगळे हसले. मी बी हसली. रडली असती त तुमाले बरं वाटलं असतं.

वर्ध्याच्या एका कॉलेजात निरंतर शिक्षण विभाग आहे. तिथं मोठ्या माणसांसाठी लघुउद्योग अन् संगणक असा वर्ग चालते, शनिवार-रविवार दुपारी. आमाले शिकवाले रीता मॅडम आहे. वय काजलपेक्षा थोडं जास्त असन, पण आवाज असा की मागच्या बाकावर झोपता येत नाई. वर्गात कोणी शिलाईवाली, कोणी किराणावाला, एक जण एसटीतून रिटायर झालेला. माझ्या बाजूच्या कंप्युटरवर जंगूभाऊ मडावी बसते. कारंज्याकडच्या जंगलातला माणूस, बांबूच्या वस्तू बनवते. आता वर्ध्यालेच बायकोसंग भाड्यानं राह्यते. पहिल्या दिवशी त्याच्या हातातून माऊस खाली पडला अन् माझ्या हातातून बी. तिथून ओळख झाली.

मॅडमनं एकेकाले उठवून विचारलं, काय करता. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "माझं बिछायत केंद्र आहे, लग्नाकार्याले सामान भाड्यानं देते."

घरात मी आजपर्यंत मामाजीचं, तुमच्या बाबाचं म्हणत होती, नाईत तुमचं म्हणत होती. त्या दिवशी तोंडातून माझं निघालं, अन् ते मी परत घेतलं नाई.

दुसरी गोष्ट. सगळं सामान तुमी वर्ध्याच्या मंडपवाल्या दुर्गेशभाऊले विकायचं कबूल केलं, हे मले त्याच्या ड्रायव्हरकडून कळलं. भात शिजवायचे मोठे गंज, पराती, सतरंज्या, खुर्च्या, मांडवाचे पाईप, सगळं. मामाजी गेल्यापासून ते सामान मामीचं, तुमच्या मायचं आहे. मी मामीले विचारलं. तिले काहीच माहीत नव्हतं. म्हणून कळवते, सामान विकायचं नाई. केंद्र मी चालवीन.

मामीची तब्येत बरी आहे. तुमची आठवण काढते का, हे मी लिहिणार नाई. तिलेच फोन करून विचारा.

अन्नपूर्णा


पवनार, ८ डिसेंबर २०२४

काजलच्या बाबाले जय भीम.

माझ्या पत्राचं उत्तर तुमी मले नाई दिलं, दुर्गेशभाऊले दिलं. मागच्या रविवारी सकाळीच त्याची गाडी दारात येऊन उभी राह्यली. संग दोन हमाल. मी वर्गाले निघायच्या आधी डोकं विंचरून राह्यली होती.

"वहिनी, शेडची चाबी द्या," तो म्हणाला. "प्रेमदासचं अन् माझं बोलणं झालं आहे."

"माझं नाई झालं."

"तुमच्याशी काय बोलायचं? मालकाशी बोललो ना."

"मंग मालकाले बोलावते," मी म्हटलं, अन् मामीले हाक मारली.

मामी मागं भांडे घासून राह्यली होती. तशीच ओल्या हातानं आली. दुर्गेशभाऊशी एक शब्द बोलली नाई. कमरेची चाबी काढली अन् शेडचं कुलूप उघडलं. त्याले वाटलं, काम झालं. हमाल आत शिरले. त्यांच्या आधी मामी सतरंज्यांच्या थप्पीवर चढली अन् वर मांडी घालून बसली.

"ने आता," म्हणे. "पयले मले उचल, मंग खालचं ने."

हमालाईले हसू आलं. दुर्गेशभाऊ समजावाले गेला, "मावशी, हे जुनं झालं. लोकाईले आता सोफे पाहिजे, हॉल पाहिजे. हे धुवून धुवून तुमी मरून जासान."

तेव्हा मामी जे बोलली ते तुमाले माहीत असन. मले लग्नाले तेवीस वर्षं होऊन राह्यली, मले कोणी सांगतलं नव्हतं.

"माह्या नंदेचं लगन होतं," ती म्हणाली. "गावात एकाच्याच घरी मोठे गंज होते. प्रेमदासचा बुढा ते मांगाले गेला. त्या घरवाल्यानं सांगतलं, तुमच्या वस्तीत गेलेले गंज मंग कोनाच्या घरी चालतीन? नाई देल्ले. मंग आमी घरोघरचे भगुने जमा केले अन् थोडा थोडा भात शिजवला. वराती बसून राह्यले, भात पुरून नाई राह्यला. माही नंद रडून राह्यली. दुसऱ्या साली बुढ्यानं दोन गंज घेतले, वर्ध्याहून बैलगाडीत आनले. आपल्या वस्तीतल्या कोन्याच लग्नाले पुन्हा कोनाच्या दारात जा नाई लागलं. तू हे जुनं म्हनतं?"

दुर्गेशभाऊनं हमालाईले बाहेर बोलावलं. त्याच्या बी वस्तीत ते गंज गेले असतीन. पण जाताना मले म्हणाला, "वहिनी, मांडव बांधणं बाईचं काम नाई. हंगाम निघून गेला की तुमीच मले बोलावसान."

मी म्हटलं, "पाहू."

गाडी गेली तरी मामी थप्पीवरून उतरेना. पाय आखडले होते. मी अन् शेजारची रेखा, दोघींनी मिळून तिले खाली घेतलं.

वर्गाले उशीर झाला. मॅडमनं सगळ्यांसमोर विचारलं, "अन्नपूर्णाताई, आज काय झालं?" मी खोटं सांगणार होती, बस चुकली म्हणून. पण खरं तेच सांगतलं. मॅडम म्हणाली, "सामान वाचवलंत, ते छान केलंत. आता ते शेडमध्ये पडून राहणार असेल तर त्याला केंद्र म्हणता येणार नाही." मले ते लागलं. पण खरं होतं.

अन्नपूर्णा


पवनार, १६ फेब्रुवारी २०२५

काजलच्या बाबाले जय भीम.

हंगाम सुरू होऊन इतके दिवस झाले, पण एकही मोठं लग्न मिळालं नाई. हे तुमच्या दिपालीनं तुमाले कळवलंच असन. तुमची बहीण एवढं त खरं सांगते. लोकं येतात, शेडमध्ये पाहतात अन् विचारतात, "प्रेमदासभाऊ कवा येते?" मी आहे म्हटलं की येतो म्हणून जातात.

मी टायपिंगच्या पहिल्या चाचणीत नापास झाली. तेही दिपालीच्या आधी मीच सांगते.

पण एक गोष्ट झाली. मॅडमनं आमाले काम दिलं होतं, जे गिऱ्हाईक तुमच्याकडं आले नाई त्यांच्या घरी जा अन् काऊन नाई आले ते विचारा. जंगूभाऊ म्हणाला, "हे त मार खायचं काम आहे." मले बी लाज वाटली. तरी गेली. सिंदी मेघेत एका बाईच्या नातवाचं नाव ठेवायचं होतं. ती म्हणाली, "मले पन्नासच खुर्च्या पाहिजे होत्या. दुर्गेशनं तेवढ्यासाठी गाडी पाठवत नाई म्हणून सांगतलं. मंग शेजाऱ्याच्या खुर्च्या गोळा केल्या." दुसऱ्या घरी तेरवीचं तसंच. तिसऱ्या घरी साक्षगंधाचं तसंच.

मंग मी वर्गात बसून फोनवर आपल्या केंद्राचं पान बनवलं. खुर्च्यांचे, गंजांचे, कनातीचे फोटो टाकले. खाली लिहिलं, लहान कार्यक्रमाले सामान घरपोच मिळेल. ते मीच टाईप केलं. बिछायतमधला छ सापडाले अर्धी दुपार गेली. मॅडमनं दाखवला नाई, नुसती हसत उभी राह्यली.

आता नामकरण, साक्षगंध, तेरवी, बचत गटाचे मेळावे, असं काम येते. मोठं नाई, पण हप्त्यातून दोनदा शेडचं कुलूप उघडते. कोणतं सामान कोणत्या तारखेले कुठं आहे, ते मी कंप्युटरवर मांडते. मामी रोज विचारते, "आज आपले गंज कोन्या गावात हायेत?" मी पाहून सांगते.

आता दिपालीनं तुमाले जे सांगतलं त्याच्यावर येते. तुमी तिच्याकडून निरोप पाठवला, "त्या मडावीसंग गाडीत फिरते म्हणतात."

हो, फिरते. मागं खुर्च्या राह्यतात, पुढं ड्रायव्हर, जंगूभाऊ अन् मी. कधी त्याची बायको भागरथा संग येते, ती कनाती शिवून देते. मांडवाचा बांबू कसा धरायचा, गाठ कशी मारायची, हे मले जंगूभाऊनं शिकवलं, अन् त्याच्या टोपल्यांचा हिशेब कंप्युटरवर कसा मांडायचा हे मी त्याले शिकवलं. तुमी इथं असते त मी तुमच्यासंग फिरली असती. तुमी पुण्यात कोणासंग जेवता, सुट्टीच्या दिवशी कुठं जाता, हे मी तुमाले कधी विचारलं नाई. काऊन नाई विचारलं, ते तुमाले समजत असन.

दिपालीनं तोच निरोप मामीले बी फोनवर सांगतला. मामीनं स्पीकर लावला होता. ती म्हणाली, "त्याले सांग, जंगू माह्या हातचं जेवून जाते. माह्या पोटचा कवा येते जेवाले, ते इचार."

दिपालीनं फोन ठेवला.

एप्रिलमध्ये अल्लीपूरले एक लग्न मिळालं आहे. मोठं. जयवंताबाई म्हणून आहे, नवरा नाई, पोरीचं लग्न तीच करून राह्यली. ती शेडमध्ये आली अन् तुमाले विचारलंच नाई. मले म्हणाली, "तुमी कराल ना?" मी हो म्हटलं.

अन्नपूर्णा


पवनार, ४ मे २०२५

काजलच्या बाबाले जय भीम.

डाव्या हातानं लिहून राह्यली. अक्षर असंच येईन.

दवाखान्यात तुमी बोलले अन् मी ऐकून घेतलं, काऊन की बाजूच्या खाटेवर लोकं होते अन् माझ्या हातात जीव नव्हता. आता उत्तर देते.

अल्लीपूरचं पहिले सांगते, कारण तुमाले दुर्गेशभाऊनं सांगतलं ते अर्धंच आहे. शाळेच्या पटांगणात मांडव चांगला झाला होता. जंगूभाऊ अन् मी आदल्या दिवशी सगळ्या गाठी पुन्हा पाह्यल्या होत्या. लग्नाची वेळ होऊन राह्यली, तेवढ्यात वावधन सुटलं. आधी धूळ, मंग असा वारा की शाळेवरचे दोन-चार टिनं उडून वावरात पडले. ताडपत्री फुगली. जंगूभाऊ ओरडला, "बाहेर निघा, सगळे बाहेर." लोकं पळाले. मागच्या कोपऱ्यात दोन बुढ्या बाया बसल्या होत्या, त्यांना उठता येईना. मी आत गेली, एकीले ओढलं, दुसरीले ओढलं. तेव्हा पाईप माझ्या मनगटावर आला.

मांडव पडला. दुर्गेशभाऊनं इथपर्यंत सांगतलं. पुढचं मी सांगते. माझ्याशिवाय कोणालेच लागलं नाई. नवरी शाळेच्या ओसरीत उभी होती. जंगूभाऊनं पडलेल्या मांडवाखालून सतरंज्या काढल्या, झटकल्या, ओसरीत अंथरल्या, अन् लग्न तिथं लागलं. जयवंताबाई दुसऱ्या दिवशी दवाखान्यात माझ्यासाठी डबा घेऊन आली. मी तिची माफी मागाले लागली त म्हणाली, "लगन लागलं ना. जेव आता."

मंग तुमी आले. तुमाले दारात पाहून मले बरं वाटलं होतं, हे बी लिहून टाकते. मंग तुमच्या मागं दुर्गेशभाऊ दिसला.

तुमी म्हणाले, "हात मोडून घेतला, आता तरी थांब. दुर्गेश अजून तयार आहे." मामी खुर्चीवरून उठून बाहेर निघून गेली. ती गेल्यावर तुमी दुर्गेशले बी बाहेर पाठवलं अन् खिडकीपाशी उभं राहून हळू आवाजात जे सांगतलं, ते मी आतापर्यंत कोणाले सांगतलं नाई. तुमी सहावीत होते. वर्गातल्या सोबत्याच्या भावाचं लग्न होतं, सामान आपलं गेलं होतं. सगळे पोरं पंगतीत बसले, तुमी बी बसले. वाढणाऱ्यानं तुमाले उठवलं, "हा भांडेवाल्याचा आहे, याले मागून." मामाजी तिथंच परात घेऊन उभे होते अन् काही बोलले नाई. तुमी मले म्हणाले, "त्याच दिवशी ठरवलं होतं, हे भांडे एक दिवस विकून टाकीन."

तेवीस वर्षांत हे तुमी मले पहिल्यांदा सांगतलं. आधी सांगतलं असतं त मी तुमाले भांडे घासाले कधी हाक मारली नसती. तुमी काऊन चिडता, काऊन लग्नसराईत घराबाहेर राह्यता, मले कधी समजलं नाई. मी तुमाले आळशी समजत होती.

पण माझं उत्तर तेच आहे. ज्यानं तुमाले पंगतीतून उठवलं त्याची लाज त्याले वाटाले पाहिजे, गंजाले नाई. सामान विकून तुमी पुण्यात कोणाले सांगसान की माझा बाप भांडेवाला नव्हता? अन् मामाजी बोलले नाई, ते मले बी बरं नाई वाटलं. पण मी त्या मांडवात असती त बोलली असती. आता माझ्या मांडवात कोणी कोणाले उठवत नाई. मी दारातच उभी राह्यते.

तुमी दुर्गेशच्या गाडीत बसून स्टेशनले गेले. मायले सांगतलं बी नाई.

पुढच्या रविवारी माझी परीक्षा आहे. मॅडम घरी आली होती. म्हणाली, "हात बरा होऊ द्या, पुढच्या वेळी बसा, मी अर्ज देते." मी नाई म्हटलं. पुढच्या वेळेपर्यंत लोकं म्हणतीन, मांडव पडला अन् बाई बसली घरी.

अन्नपूर्णा


पवनार, ८ जून २०२५

काजलच्या बाबाले जय भीम.

निकाल आला. व्यवसायाच्या पेपरात पास झाली, वर्गात तिसरी. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरनं विचारलं, "मांडव पडल्यावर धंदा टिकेल असं तुम्हाला का वाटतं?" मी म्हटलं, "सर, पडल्यावर दोन कार्यक्रम झाले." ते मान खाली घालून गुण लिहाले लागले. हिशेबाचा तक्ता मांडायचा होता, त्यात बी पास झाली. टायपिंगमध्ये नापास. एका हातानं जेवढं झालं तेवढं केलं, वेळ संपली तेव्हा अर्धं पान राह्यलं होतं. जंगूभाऊ सगळ्यात पास झाला अन् त्याची बायको वर्गात पेढे घेऊन आली. मले पेढा देताना तो खाली पाहून राह्यला होता, जसा काई त्याचाच गुन्हा आहे. मी दोन पेढे घेतले.

प्लास्टर निघालं. बोटं अजून आखडतात. मामी रोज सकाळी तेल लावून देते अन् एकेक बोट ओढते. ओढताना तुमचं नाव घेते, कधी शिवी देऊन, कधी बिना शिवीचं.

दिपाली काल येऊन गेली. तिनं सांगतलं की तुमच्या कंपनीनं माणसं कमी केले, अन् तुमी म्हणाले, "आता घरीच येतो, केंद्र मी सांभाळतो, अन्नपूर्णानं आराम करावा." दिपाली हे मोठ्या खुशीनं सांगून राह्यली होती. तिले वाटलं मी रडीन.

काम गेलं हे ऐकून मले वाईट वाटलं. हे खरं आहे. घर तुमच्या मायचं आहे, तुमचं आहे, या. जेवण मिळन. काजल सुट्टीत येईन, तिले बी बरं वाटन. पण केंद्र सांभाळायची गोष्ट वेगळी आहे. केंद्राची नोंदणी झाली, मामीच्या अन् माझ्या नावानं. ती मी वर्गातच कंप्युटरवर केली, मामीले संग बसवून. रंगवाल्याले बोलावून शेडवर पाटी लिहून घेतली. मामीले वाचता येत नाई, पण तिचं नाव कुठं आहे ते ती बरोबर बोट ठेवून दाखवते.

तुमाले काम पाहिजे असन त काम आहे. पाईप उचलाले माणूस लागते, गाडीसंग जाले माणूस लागते. जंगूभाऊले जी मजुरी मिळते तीच तुमाले मिळन. पंगतीत जायची इच्छा नसन त नका जाऊ, मी कधी जोर करणार नाई. तुमी मांडव बांधा अन् लोकं यायच्या आधी घरी या. ते मी समजून घेतलं आहे. पण मालक म्हणून खुर्चीवर बसाले येत असान, त आल्या पावली परत जा लागन. दुर्गेशभाऊले संग घेऊन आले त आत बी येऊ नका.

मामीले हे सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "लिही, की मी अजून थप्पीवर चढू शकते."

येण्याची तारीख कळवजा. एकोणतीस जूनले येऊ नका. त्या दिवशी माझा टायपिंगचा पेपर पुन्हा आहे, अन् मामी बी माझ्यासंग वर्ध्याले येते. घरी कोणी राह्यणार नाई.

अन्नपूर्णा